वर्डप्रेस मल्टिसाइट
एकाच आज्ञावलीवर अनेक ब्लॉग चालविण्याची, वर्डप्रेस या मुक्तस्रोत प्रणालीतील व्यवस्था. पूर्वी ती ‘वर्डप्रेस एमयू’ या नावाने स्वतंत्रपणे उपलब्ध होती. २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० या आवृत्तीत ती मूळ प्रणालीत विलीन करण्यात आली. हिच्यात आज्ञावली आणि सदस्यांची कोष्टके सर्व ब्लॉगांना सामाईक असतात, तर लेख, प्रतिक्रिया व मांडणी यांची कोष्टके प्रत्येक ब्लॉगसाठी निराळी, (मुख्य ब्लॉग वगळता) नावात त्याचा क्रमांक घालून तयार होतात. प्रत्येक ब्लॉगचा पत्ता सहसा उपडोमेनच्या किंवा उपमार्गाच्या रूपात दिला जातो. सुधारित आवृत्ती एकदाच बसवावी लागत असल्याने देखभालीचे श्रम वाचतात. परंतु एखादे प्लगिन, म्हणजे जोड-आज्ञावली, सदोष निघाल्यास त्याची झळ सर्वांनाच पोहोचू शकते. म्हणून विद्यापीठे वा वृत्तपत्रे यांसारख्या एकछत्री संस्थांना ही व्यवस्था सोयीची ठरते. परस्परांशी संबंध नसलेल्या ब्लॉगांसाठी मात्र स्वतंत्र स्थापनाच श्रेयस्कर होय.