सीमास्तर आणि डॉ. घाटगे

गोंदिया जिल्ह्यांतील कामठ्याजवळ, बिरसी येथें, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत विमानांची धांवपट्टी तयार झाली. त्या काळीं हिंदुस्थानांत उडणारीं विमानें परदेशी आराखड्याचीं असत. विमानामागील शास्त्र मात्र एका मराठी विद्वानानें आधींच मिळविलें होतें.

कोल्हापूरकडील हसूर गांवीं १९०८ सालीं जन्मलेले विष्णु माधव घाटगे जर्मनींत गॉटिंगेन येथें प्रांट्ल यांचे शिष्य झाले. पंखालगतचा हवेचा पातळ थर घर्षणानें मंदावतो, हें प्रांट्ल यांनीं १९०४ सालीं मांडलें. हाच सीमास्तर. तो पृष्ठभागापासून सुटला कीं पंखाची उचल घटते व अवरोध वाढतो. ढगांतील अतिथंड जलबिंदु पंखाच्या पुढील कडेवर आदळून गोठतात, तेव्हां त्या खडबडीत बर्फामुळें हें संकट लवकर ओढवतें. बर्फाच्या वजनापेक्षां त्याचा आकारच बहुधा अधिक घातक ठरतो.

१९३६ सालीं डॉक्टरेट मिळाली. वालचंद हिराचंद यांनीं १९४० सालीं बंगलोरास काढलेल्या विमान-कारखान्यांत घाटगे दाखल झाले. पण युद्धामुळें तेथें परदेशी विमानें जोडणें व दुरुस्त करणें हेंच मुख्य काम होऊन बसलें. १९४२ च्या अखेरीस तेथील विज्ञानसंस्थेंत विमानविद्येचा विभाग निघाला, त्याचे पहिले प्रमुख घाटगेच.

आराखड्याची खरी संधि स्वातंत्र्यानंतर आली. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालेलें एच. टी.-२ हें शिकाऊ वैमानिकांचें विमान ऑगस्ट १९५१ मध्यें उडालें. एंजिन ब्रिटिश होतें. पंख मात्र येथेंच आंखलेले होते.