शाळामास्तर आणि स्थापत्यविद्या

पूल, बंधारा, घाटरस्ता हीं इंजिनिअरांचीं कामें; शाळामास्तराचा त्यांशीं संबंध तो काय, असें सामान्यतः समजलें जातें. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. मुंबई इलाख्यांत स्थापत्यविद्येचें शिक्षण आणि गांवोगांवच्या शाळांसाठीं शिक्षक तयार करण्याचा उद्योग, या दोहोंच्या आरंभीं एकच गृहस्थ आढळतो. तो म्हणजे कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस.

१८२३ च्या सुमारास मुंबईस इंजिनिअर इन्स्टिट्यूशन निघाली व जर्व्हिस तिचा चालक झाला. तेथें गणित, भूमिति, मोजणी हे विषय मराठी व गुजराती भाषांतून शिकवीत. योग्य पुस्तकें नव्हतीं, म्हणून त्यानें शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें गणिताचे ग्रंथ मराठींत उतरविले. पुढें ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचा तो चिटणीसहि होता. या संस्थेनें तयार केलेले २४ शिक्षक, १४ मराठी व १० गुजराती, १८२६ सालीं जिल्ह्याजिल्ह्यांत रवाना झाले. १८४० नंतरच्या दशकांत शिक्षणमंडळांत भाषेचा वाद पेटला, तेव्हां सर अर्स्किन पेरी यांच्या इंग्रजीच्या आग्रहाविरुद्ध मातृभाषेची बाजू जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांनीं उचलून धरली.

पुढें वाटा फुटल्या. १८५४ सालीं पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो सरकारी बांधकामखात्यास हाताखालचे अंमलदार पुरविण्यासाठीं. विद्या वाढली, पण ती खात्याची झाली. शाळेच्या वाट्यास पुस्तकच उरलें. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम काढला. आठवी ते दहावीच्या मुलांनीं जोडकाम, बांधकाम, वीज, शेती, आरोग्य हे विषय प्रत्यक्ष कामांतून शिकावे, अशी त्यांची पद्धति महाराष्ट्रांतील अनेक माध्यमिक शाळांत पोहोंचली.

या विद्येची निकड महाड–पोलादपूर या टापूइतकी क्वचितच कोठें असेल. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास येते. तिच्यावरील १९२८ सालीं बांधलेला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत कोसळला आणि एस्. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्यें महाड शहर पुरांत बुडालें. त्याच वेळीं दरड कोसळून तळिये गांवची वाडी गाडली गेली.

जून २०१७ मध्यें सावित्रीवर नवा पूल खुला झाला. परंतु मुलांच्या मनांतील प्रश्नास उत्तर शाळेंतच मिळावयास हवें. त्यासाठीं महागडी यंत्रें लागत नाहींत. वाळू भरलेल्या पन्हळींत एक वीट उभी करून पाणी सोडलें, तर प्रवाहाच्या अंगाची वाळू आधीं उकरली जाते. वीट वरून धड दिसते, पण तिचा आधार जात असतो. शाळेच्या १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी झालें, हा हिशेब पांचवीचा मुलगाहि करील. मग डोंगरउतारावर किती पाणी मुरतें, याची त्याला कल्पना येईल. किल्ले रायगड याच तालुक्यांत आहे. हिरोजी इंदुलकरानें बांधलेल्या त्या गडाचीं टांकीं व तलाव पाहतांना पाणी कोठून आणलें, कसें अडविलें, हें मुलांकडून शोधवितां येईल.

अडचण आहे ती शिक्षकाची. ज्यानें स्वतः कधीं ओळंबा धरला नाहीं, त्यानें तो मुलांच्या हातीं कसा द्यावा? महाडजवळ लोणेरें येथें १९८९ सालीं स्थापन झालेलें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथील अध्यापक आणि खेड्यांतील शाळामास्तर सुटींत चार दिवस एकत्र बसले, तर दोनशें वर्षांपूर्वीं एका हातीं असलेलीं हीं दोन कामें पुन्हां जवळ येतील. आणि नदीकांठचा मुलगा पाण्याची खूण वेळीं ओळखील.