वडिलोपार्जित ठासणीची बंदूक : दंतकथा आणि साक्ष

बीड जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत वाटणीची वेळ आली की शेत, विहीर, भांडीकुंडी यांचा हिशेब लवकर लागतो. परंतु माळ्यावर गुंडाळून ठेवलेली आजोबांची ठासणीची बंदूक पुढे आली की सारे घर अडून बसते. एक भाऊ म्हणतो, ती लाखमोलाची आहे. दुसरा म्हणतो, मोडीत घाला. घरातील वृद्ध मात्र सांगतात, ‘ही राक्षसभुवनच्या लढाईतली आहे.’ यातील खरे काय, हे ठरविण्याचे साधन बहुतेक वेळा त्या बंदुकीतच दडलेले असते. ते कसे वाचावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

राक्षसभुवनचे नाव घेतले जाते याला कारण आहे. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांच्या फौजेने निजामाचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. पुढे ११ मार्च १७९५ रोजी जिल्ह्याच्या सीमेलगत खर्डा येथे मराठे व निजाम पुन्हा समोरासमोर आले. त्या वेळी निजामाच्या बाजूने फ्रेंच सेनानी रेमाँ याच्या कवायती पलटणी लढत होत्या. अशा प्रदेशातील घराण्यांनी आपल्या शस्त्राचे नाते या रणांशी जोडावे, हे स्वाभाविकच आहे. पण शस्त्राला स्वतःचे वय असते आणि ते कोणाच्याही अभिमानासाठी बदलत नाही.

हे वय प्रथम कळते ते बार पेटविण्याच्या युक्तीवरून. सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. तिच्यात पेटती जामगी चाप ओढताच कानातील रंजकाला लागे. तिच्यानंतरची चकमकीची बंदूक. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा असे आणि तो पोलादावर आपटून ठिणगी पडे. तिसरी टोपीची बंदूक. हिच्या नळीच्या मागल्या टोकाशी एक पोकळ खुंटी असते, त्या खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवितात आणि घोडा तिच्यावर आपटला की आतील स्फोटक पेटते.

या तिसऱ्या प्रकाराचा उगम एका धर्मोपदेशकाच्या छंदात आहे, हे वाचकांना मौजेचे वाटेल. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे पाळक अलेक्झांडर फोर्साइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीची आवड होती. चकमकीची रंजक भडकताच पक्षी सावध होऊन उडत, म्हणून त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तांब्याच्या टोपीचा प्रसार त्यानंतर, १८२० च्या पुढे झाला. म्हणजेच मुळात टोपीची म्हणूनच घडविलेली बंदूक १७६३ च्या किंवा १७९५ च्या रणात असणे केवळ अशक्य आहे.

येथे एक सावधगिरी हवी. अनेक जुन्या चकमकीच्या बंदुका पुढे टोपीच्या करून घेण्यात आल्या. घोड्यालगतच्या पोलादी पट्टीवर बुजविलेली भोके दिसली, किंवा खुंटीचा भाग नळीला मागाहून जोडल्यासारखा वाटला, तर ती नळी तिच्या घोड्याहून जुनी असू शकते. उलटपक्षी, ठासणीची आहे म्हणून ती प्राचीनच असली पाहिजे असेही नाही. मागून काडतूस भरण्याच्या बंदुका १८६० नंतर युरोपात सर्रास झाल्या. तथापि आपल्या देशात ठासणीच्या बंदुका विसाव्या शतकातही परवान्याने बनत होत्या. स्वस्त आणि रानडुकरांपासून पिकाची राखण करण्यास पुरेशा, म्हणून शेतकरी त्या बाळगीत.

दुसरी साक्ष नळीवरील छापांची. इंग्लंडमध्ये नळी जादा दारूने उडवून तपासल्याखेरीज विकता येत नसे आणि तपासणीत टिकलेल्या नळीवर छाप मारीत. लंडनच्या छापात मुकुटाखाली ‘जी. पी.’ व ‘व्ही.’ ही अक्षरे असतात. बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले; त्याच्या जुन्या छापात मुकुट आणि एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड दिसतात. बेल्जियममधील लिएज शहराचा छाप म्हणजे लंबवर्तुळात ‘ई. एल. जी.’ ही अक्षरे. त्यावर मुकुट असेल तर तो छाप १८९३ नंतरचा. छापांजवळ १२, १४, १६ असा आकडाही आढळतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअरची. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो.

नळीवर कोरलेल्या नावावर मात्र एकदम विश्वास ठेवू नये. जोसेफ मँटन हे लंडनचे विख्यात कारागीर. त्यांच्या नावाचा लौकिक पाहून इतरांनी स्वस्त मालावर तेच, किंवा एखादे अक्षर बदलून तसेच, नाव कोरले. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीसारखे नाव असेल तर ते विकणाऱ्याचे असू शकते, घडविणाऱ्याचे असेलच असे नाही. नाव लंडनचे आणि छाप लिएजचा, असे दिसले तर छापाचे ऐकावे.

तिसरी साक्ष कागदाची, आणि आपल्याकडे नेमकी तिचीच हेळसांड होते. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संस्थानचा सरकारी कारभार उर्दूत चाले आणि कागदांवर फसली सन लिहीत. म्हणून ट्रंकेच्या तळाशी सापडलेला उर्दू कागद ‘वाचता येत नाही’ म्हणून फेकू नये. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन साधारणपणे हाती येतो. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. अशा परवान्यावर पणजोबांचे नाव, गाव आणि बंदुकीचे वर्णन असेल, तर तो जीर्ण कागद बंदुकीवरील चांदीच्या फुलांहून मोलाचा ठरतो. मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ‘आमची बंदूक छावणीतून आली’ ही आठवण खरी असू शकेल. पण कागद किंवा लष्करी खूण नसेल, तर ती आठवण म्हणूनच जपावी, पुरावा म्हणून सांगू नये.

आता किमतीविषयी. संग्राहक पाहतात त्या गोष्टी चार : कारागीर कोण, सर्व भाग मूळचे आहेत काय, स्थिती कशी आहे आणि इतिहासाला आधार आहे काय. बर्मिंगहॅमची किंवा लिएजची साधी बाजारी बंदूक हजारोंनी निर्माण झाली. तिचे केवळ वय तिला मौल्यवान करीत नाही. उलट, हौसेने केलेली सफाई असलेली किंमतही घालविते. काचकागदाने घासून नळी चकचकीत केली की तिचा जुना तपकिरी रंग जातो, छाप पुसट होतात, आणि लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या नळीवरील लहरींची नक्षीही नाहीशी होते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, लोखंडाला हलका तेलाचा हात द्यावा आणि तेथेच थांबावे.

मात्र या सर्वांआधी जिवाची काळजी. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेटते आणि भरून ठेवलेली बंदूक बाहेरून रिकामीच दिसते. म्हणून मुलांच्या हाती ती देऊ नये, घोडा चाळवू नये, नळीच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये. परवानाधारक कारागीर प्रथम गज नळीत सोडून तिची आतील खोली मोजतो आणि बाहेरून लावून पाहतो. गज खुंटीच्या बराच अलीकडे अडला, तर आत बार आहे असे समजावे. तो काढणे त्याचेच काम आहे.

कायद्याची बाजूही तितकीच गंभीर आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कालबाह्य घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे; पण ती दुरुस्तीनेही बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रालाच. ‘जुनी आहे, म्हणजे परवाना नको’ हा समज तुरुंगापर्यंत नेऊ शकतो. वडिलांचा परवाना त्यांच्याबरोबर संपतो. वारसाने बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवता येतात आणि ही मर्यादा वारशालाही लागू आहे. २०२५ साली बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांची छाननी होऊन अनेक परवाने रद्द झाले, हे वाचकांना ठाऊक आहेच. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुराणवस्तू ठरू शकते आणि ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही. तेव्हा लंडनच्या लिलावातील आकडे ऐकून भावाभावांनी भांडू नये. ते आकडे आपल्या माळ्यावरील बंदुकीला लागू पडत नाहीत.

असे सारे तपासल्यावर पुष्कळ घरांना कळेल की आपली बंदूक राक्षसभुवनची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पणजोबांनी पिकाच्या राखणीसाठी घेतलेली ती एक साधी बंदूक आहे. यात मानहानी मुळीच नाही. ज्वारीच्या कणसांसाठी माळावर रात्री जागलेला माणूस खोट्या रणवीराहून कमी योग्यतेचा नसतो. बंदुकीची वाटणी होत नाही. पण तिची हकिकत सर्व भावंडांना सारखी मिळू शकते. म्हणून जो कोणी ती सांभाळील त्याने छापांची छायाचित्रे, उर्दू कागदाचे मराठी भाषांतर आणि वृद्धांच्या तोंडची आठवण, आठवण असे स्पष्ट लिहून, एका वहीत उतरवून ठेवावी आणि तिची प्रत प्रत्येक घरी द्यावी. बंदूक उद्या सरकारजमा झाली किंवा एखाद्या संग्रहालयात गेली, तरी पूर्वजांविषयीचे सत्य कुटुंबाच्या हाती राहील.