चिनी पैशाची शब्दकथा

वस्तु जाते आणि शब्द राहतो, हें ‘कवडीमोल’ म्हणणाऱ्या मराठी वाचकांस सांगावयास नको. चिनी लिपींतहि खरेदी, विक्री, संपत्ति यांच्या चिन्हांत कवडीची आकृति अद्याप दिसते. परंतु प्रत्यक्ष पैशाकरितां चीनमध्यें जो शब्द रूढ झाला, त्याच्या चिन्हांत कवडी नसून धातु आहे. उत्तरेकडे त्याचा उच्चार ‘छ्येन’, तर दक्षिणेंत कँटनकडे ‘छिन’.

हा शब्द मूळचा बाजारांतला नव्हे, शेतांतला. प्राचीन काव्यांत तो जमीन उकरण्याच्या एका अवजारास लावलेला आढळतो. चौ राजवटींत कांशाचीं नाणीं ओतूं लागले तेव्हां त्यांतील कांहीं फावड्याच्याच आकाराचीं असत. पुढें नाणें वाटोळें झालें, त्यास मध्यें चौकोनी भोंक पडलें. अवजाराचें नांव मात्र सुटलें नाहीं. इ. स. ६२१ मध्यें तांग राजवटीनें काढलेलीं दहा नाणीं वजनास एक ‘ल्युंग’ भरत, म्हणून ‘छिन’ हें वजनाचेंहि नांव झालें. कँटनचा मनुष्य वजनाचा ‘छिन’ उतरत्या स्वरांत उच्चारतो आणि खिशांतल्या पैशाचा ‘छिन’ चढत्या स्वरांत. अक्षर तेंच, भेद सारा गळ्याचा! परकी विद्यार्थ्याची त्रेधा उडते ती येथेंच.

हाँगकाँगांत डॉलरला बोलतांना ‘मन’ म्हणतात. आपल्या मनाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. नाण्यावरील अक्षरांचा वाचक असलेला तो शब्द तांब्याचीं नाणीं मोजतांना वापरीत. आतां तो डॉलरवर बसला आहे, आणि गंमत अशी कीं, लिहितांना त्यासाठीं डासाचें चिन्ह काढतात. बाजारी बोलींत पैशाला ‘पाणी’ असेंहि म्हणतात. बँक मात्र ‘चांदीची पेढी’च राहिली.

तांबें आणि चांदी हा भेद केवळ कोशांतला नव्हता. छिंग राजवटींत शेतकऱ्याचा व मजुराचा रोजचा व्यवहार तांब्याच्या ‘छिन’मध्यें चाले, सरकारसारा मात्र चांदींत आकारला जाई. एक ल्युंग चांदीस एक हजार नाणीं हा कागदावरचा दर. इ. स. १८३८ मध्यें बादशहापुढें गेलेल्या एका अर्जांत तोच दर सोळाशेंवर गेल्याची तक्रार आहे. म्हणजे धान्य विकून पूर्वीइतकेंच तांबें हातीं आलें, तरी साऱ्याचा भार दीडपटीहून अधिक झाला! चांदी परदेशीं जात होती ती मुख्यतः अफूच्या मोबदल्यांत. स्पॅनिश अमेरिकेंतून येणारी चांदी त्याच सुमारास घटली होती, तेव्हां सगळा दोष अफूवर घालणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि त्या अफूचा मोठा वांटा माळव्यांतून मुंबई बंदरामार्गें जात असे, आणि मुंबईच्या जुन्या वैभवाचें वर्णन करतांना आपण ही गोष्ट सहसा काढीत नाहीं.

या व्यवहाराची एक धातूची खूण उरली आहे. इ. स. १८९५ पासून मुंबईच्या टांकसाळींत पूर्वेकडील व्यापारासाठीं चांदीचे डॉलर पडूं लागले. एका बाजूस त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूस चिनी व मलायी अक्षरें. चिनी व्यापाऱ्यांनीं त्यांस आपल्या भाषेंत नांव दिलें तें ‘उभ्या माणसाचा डॉलर’.