न शमणारा दाह

कर्करोग उतारवयातच अधिक का गाठतो? पेशींतील जनुकीय दोष वर्षानुवर्षे साठत जातात, हे एक उत्तर आपल्या परिचयाचे आहे. दुसरे उत्तर मात्र विज्ञानाला एकदा गवसले, निसटले आणि शतकानंतर पुन्हा हाती आले. त्याचाच मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात नोंदवली. जखम होताच श्वेतपेशी तेथे धावतात, जंतूंशी झुंजतात, नव्या पेशींच्या वाढीला चालना देतात आणि कार्य संपताच माघारी फिरतात. १८६३ साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो ह्यांना ह्याच श्वेतपेशी कर्करोगाच्या गाठींत आढळल्या. दीर्घकाळ दाह असलेल्या जागी कर्करोग उद्भवतो, असे अनुमान त्यांनी काढले. पुढे संशोधकांचे लक्ष रसायने, विषाणू व जनुके ह्यांकडे वळले आणि हे अनुमान मागे पडले.

१९८६ साली बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक ह्यांनी दाखवून दिले, की जखम भरताना घडणारी प्रक्रिया गाठीत अखंड चालू राहते. २००० साली बोलोन्याचे क्लाउदिओ फ्रान्चेस्की ह्यांनी ह्या विचाराला वार्धक्याची जोड दिली. वृद्ध देहात उघड जखम नसतानाही सौम्य दाह सतत धुमसत असतो. जीर्ण झालेल्या, पण न मरणाऱ्या पेशी दाहकारक द्रव्ये स्रवत राहतात, हे त्याचे एक कारण.

मग हा दाह औषधाने शमवावा काय? २०१७ साली दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाहरोधक कॅनाकिन्युमॅब घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. परंतु जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. पुढे २०२१-२२ मध्ये, कर्करोग जडलेल्यांवरील चाचण्यांत तेच औषध अपेक्षित लाभ देऊ शकले नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे आज वृद्धांना सर्रास सांगितले जाते. हा इतिहास आम्हांला वेगळेच शिकवतो. रक्षकाचे बळ जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे वेळीच थांबणेही. तंबाखू वर्ज्य करणे, जठरातील वा यकृतातील जुनाट संसर्गावर वेळीच उपचार घेणे, हे दाहाचे इंधन काढून घेणेच होय. आणि तेवढे तरी आपल्या हाती आहे.