फेस किती वर येऊ द्यायचा? प्रोटीन स्किमरच्या एका नॉबचा इतिहास

आजचा अख्खा एपिसोड फेसावर आहे. हसू नका, यात मजा आहे.

डाळ उकळताना वर फेस येतो आणि घरात कुणीतरी तो डावाने काढून टाकतं. गुऱ्हाळात उसाचा रस तापला की गुळव्या त्यात भेंडीचं पाणी टाकतो आणि वर आलेली मळी काढत राहतो. खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये हेच काम चोवीस तास करणारं यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. माझ्या पुण्यातल्या घरी असा एक टँक आहे, हॅचरीत वाढलेल्या दोन क्लाउनफिशचा. ज्यांच्याकडे असा टँक आहे, ते मला एकच प्रश्न विचारतात: "स्किमरचा नॉब नेमका किती फिरवायचा?" याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

बाईसाहेबांचा समुद्र

साल १८४६. ॲना थिन नावाची एक इंग्रज बाई टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावातून काही जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन आली. लंडनमध्ये समुद्र नाही. मग रोज ताजं पाणी आणणार कुठून? तिने युक्ती काढली. तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळेल. ओतायचं काम अर्थातच मोलकरणीकडे. पुढे तिने पाण्यात समुद्री शेवाळही ठेवलं आणि तिचे प्रवाळ जगले.

१८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. त्यामागे फिलिप हेन्री गॉस हा निसर्ग अभ्यासक होता. पुढच्याच वर्षी त्याचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडभर काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. लोक बादल्या घेऊन किनाऱ्यावर गेले आणि खडकांमधली डबकी रिकामी करून आले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या 'फादर अँड सन' मध्ये याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. वडिलांच्या पुस्तकांनी समुद्रावर प्रेम करायला शिकवलं आणि त्याच प्रेमाने किनारा ओरबाडला गेला.

आणि घरी नेलेले जीव? पाणी बिघडलं की मरायचे. मग परत बादली, परत किनारा. म्हणजे पाणी टिकवता येणं हा फक्त हौसेचा प्रश्न नव्हता. टँकमधला मासा जितका जास्त जगेल, तितकी समुद्रातून दुसरा उचलण्याची गरज कमी.

पाणी बिघडतं म्हणजे काय?

मासा खातो, विष्ठा टाकतो, उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विष आहे. वाळूत आणि दगडांवर राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बहुतेक फिल्टर याच जोरावर चालायचे: घाण आधी कुजू द्या, मग जिवाणूंकडून पचवून घ्या. मासे तग धरायचे, पण नायट्रेट साठत जायचं आणि प्रवाळांसारखे नाजूक जीव टिकत नसत.

आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, ते समुद्राच्या अगदी कडेला. शेजारी समुद्र असला की पाण्याचा प्रश्न अर्धा सुटतो. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय करायचं?

जर्मनीतला फेस

उत्तर आलं १९६० च्या दशकात, जर्मनीतून. तिथे या यंत्राला 'अपशॉयमर' म्हणतात, म्हणजे सरळ 'फेस काढणारा'. एर्विन सँडर यांचं नाव या सुरुवातीच्या स्किमरशी जोडलं जातं. कल्पना अशी की घाण पचवण्याची वाटच बघायची नाही. ती कुजायच्या आधीच उचलून बाहेर काढायची.

हे जमतं कसं? प्रथिनांसारख्या अनेक रेणूंचा एक भाग पाण्याला धरून राहतो आणि दुसरा भाग पाण्यापासून पळ काढतो. असा रेणू हवेच्या बुडबुड्याला भेटला की त्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. बुडबुडा वर जाताना त्यालाही घेऊन जातो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे सहज एकमेकांत मिसळत नाहीत, बारीक राहतात, म्हणून तेवढ्याच हवेत चिकटायला खूप जास्त जागा मिळते. गोड्या पाण्यात ते लगेच जुळून मोठे होतात, म्हणून साध्या गोड्या पाण्याच्या टँकमध्ये स्किमर जवळपास निकामी. कोकणातल्या किनाऱ्यावर खवळलेल्या समुद्राचा फेस साठलेला पाहिलाय ना? तो निसर्गाचा स्किमर.

बुडबुड्याला हमाल बनवायची ही युक्ती खाणवाल्यांना आधीपासून माहीत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथे कुटलेल्या खनिजातून जस्त वेगळं काढायला फेसच वापरत. तिथे फेसात माल यायचा, आपल्याकडे फेसात कचरा येतो. एवढाच फरक.

सुरुवातीचे स्किमर लाकडी एअरस्टोनवर चालत. लाकडाच्या छिद्रांतून खूप बारीक बुडबुडे निघतात, पण ते तुकडे वरचेवर बदलावे लागत. पुढे पाणी वरून खाली आणि बुडबुडे खालून वर अशी रचना आली, म्हणजे दोघांची भेट जास्त वेळ चालते. त्यानंतर व्हेंचुरी आले, मग पंपाच्या पात्यांवर सुयांसारखे काटे बसवून हवेचा चुरा करणारे स्किमर. आज बाजारात मिळतात ते बहुतेक याच शेवटच्या जातीचे.

याच काळात जकार्तामध्ये ली चिन एंग जिवंत जीवजंतूंनी भरलेले समुद्री खडक आणि साध्या हवेच्या बुडबुड्यांवर टँक चालवत होते. त्यांनी १९६१ मध्ये ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनमधल्या हौशी लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या: जिवंत खडक आणि दमदार स्किमर. हीच 'बर्लिन पद्धत'. पीटर विल्कन्स यांच्या लिखाणातून ती पसरली आणि घरच्या टँकमध्ये प्रवाळ वर्षानुवर्षं जगू लागले.

मग नॉब किती फिरवायचा?

नॉब फिरवला की स्किमरच्या आतली पाण्याची पातळी बदलते, बस. पातळी वर घेतली की पातळ, चहाच्या रंगाचा फेस भराभर कपात येतो. याला 'वेट' म्हणतात. खाली घेतली की फेसातलं पाणी निथळून जातं आणि थोडा, घट्ट, काळपट मळ येतो. हा 'ड्राय'.

साहजिकच वाटतं, कप जितका भरेल तितकं चांगलं. इथे एक अभ्यास डोळे उघडतो. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळ्या स्किमरची मोजणी केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी स्किमरला काढता आला तो फार तर तिसरा हिस्सा. बाकीचे रेणू बुडबुड्याला चिकटतच नाहीत, आणि मॉडेल बदलूनही यात फार फरक पडला नाही. म्हणजे नॉब कितीही पिळला तरी सगळी घाण निघणार नाही. उरलेलं काम जिवाणूंचं, खडकांचं आणि तुम्ही बदलता त्या पाण्याचं.

म्हणून कप किती भरला यावर स्किमरला मार्क देऊ नका. तो रोज सारखा चालतोय का, ते बघा. माझी पद्धत अशी:

नवा स्किमर असेल तर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, तो वेड्यासारखा वागतो. आतल्या भिंतींवर पातळ थर बसला की शांत होतो. तोपर्यंत पातळी खालीच ठेवा. मग फेस आणि पाण्याची सीमा गळ्याच्या तळाशी येईल इतकी वर घ्या. एका वेळी अगदी थोडं फिरवा आणि एक दिवस थांबा. आम्ही कोडमध्ये एकदम चार गोष्टी बदलत नाही, कारण मग कुठल्या बदलाने काय झालं ते कळत नाही. इथेही तेच.

स्किमर ज्या डब्यात उभा आहे, त्यातलं पाणी बाष्पीभवनाने कमी झालं की फेसाची उंची बदलते. अशा वेळी नॉबला हात लावू नका, गोडं पाणी घालून पातळी पूर्ववत करा. खाणं टाकल्यावर किंवा पाण्यात हात घातल्यावर तेलामुळे फेस काही तास बसतो. तेव्हाही नॉबला हात लावू नका, तो आपोआप परत येतो. आणि गळ्याला बसलेला चिकट थर दर आठवड्याला पुसा, तो फेस मारतो.

जाता जाता एक महत्त्वाचं. आपल्याकडे २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातून ते काढणं किंवा विकत घेणं गुन्हा आहे. दुकानदार काहीही म्हणो, नाही म्हणा. हॅचरीतले मासे घ्या आणि त्यांना खूप वर्षं जगवा.

ॲना थिनच्या मोलकरणीचं नाव इतिहासात कुठे सापडत नाही. पण भांड्यातून भांड्यात पाणी ओतणारे ते हात आपले पहिले पंप होते. आज ते काम वीस वॉटची मोटर करते. आपल्याकडे उरलंय ते फक्त बघणं, आणि तेवढं नीट केलं तरी पुष्कळ.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!