लोहगडाचे दरवाजे आणि विसापूरची उंची

मावळातील गिरिदुर्गांचा इतिहास बहुधा वेढे, छापे आणि तह यांच्या अंगाने लिहिला गेला असून, गडावर रोजच्या रोज कोणी कोठपर्यंत जावे, कोणाच्या हुकमाने जावे आणि त्या हुकमाची शहानिशा कोणी करावी, या व्यवस्थेकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. मळवलीच्या दक्षिणेस, इंद्रायणी व पवना यांच्या खोऱ्यांमधील डोंगररांगेवर लोहगड आणि विसापूर हे किल्ले एका खिंडीच्या दोन अंगांना उभे आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात लोहगड मोगलांकडे गेला, १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला आणि पेशवाईच्या उत्तरार्धात तो नाना फडणीसांच्या खास भरवशाचा किल्ला ठरला; त्यामुळे या व्यवस्थेचे चढउतार पाहण्यास हीच जोडी सोयीची आहे.

लोहगडाच्या वाटेवर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. त्यांपैकी हनुमान दरवाजा सर्वांत जुना मानला जातो, तर नारायण दरवाजा नानांच्या काळातील असून त्याच्या लगतच्या भुयारात भात व नाचणी साठवीत. वाट नागमोडी असल्याने एका दरवाजातून आत आलेला मनुष्य गडात पोहोचत नाही, तर वरच्या तटावरून पूर्णपणे दिसणाऱ्या एका बंदिस्त टप्प्यात येतो आणि पुढच्या दरवाजाशी त्याला आपली ओळख नव्याने पटवावी लागते. दुर्गांच्या मोठ्या दरवाजात दिंडी, म्हणजे एका वेळी एकालाच आणि तेही वाकून जाता येईल असा लहान दरवाजा ठेवण्याची रीत होती. सूर्यास्तानंतर भिंतीतील खोबणीतून जाड अडसर ओढला, की अवेळी आलेल्या ओळखीच्या माणसालाही सकाळपर्यंत खाली थांबावे लागे.

दगडी दरवाजांपेक्षा या व्यवस्थेचा खरा कस अधिकाराच्या वाटणीत दिसतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच प्रतीचे असावेत व त्यांनी मिळून कारभार करावा, अशी पद्धत सांगितली आहे. किल्ल्या आणि दरवाजांची उघडझाप हवालदाराकडे, हजेरीपट व हिशेब सबनिसाकडे, शिबंदी व गस्त सरनोबताकडे, आणि धान्य व दारूगोळ्याचे कोठार कारखानिसाकडे असे. घेरा मोठा असेल, तर तटाच्या भागांवर वेगळे तटसरनोबत नेमीत. हे अधिकारी वेगवेगळ्या जातींचे असावेत असाही दंडक होता. आजच्या वाचकाला तो खटकेल, आणि खटकावाच. परंतु एकट्याने फितूर होऊन गड देता येऊ नये आणि तिघांचे संगनमतही सहज होऊ नये, हा त्यामागचा हिशेब उघड आहे.

हाच हिशेब विसाव्या शतकात संगणकशास्त्राला मांडावा लागला. संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला प्रक्रिया म्हणतात आणि एका प्रक्रियेने दुसरीच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत, डोकावू नये यासाठी प्रत्येकीचा घेरा वेगळा आखलेला असतो. हे घेरे राखण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, अर्थात कर्नेलचे असते. फाइल उघडणे किंवा यंत्राचा एखादा भाग वापरणे यासाठी प्रक्रियेला ठरलेल्या वाटेनेच गाभ्याकडे मागणी करावी लागते आणि गाभा तिचा अधिकार तपासून मगच काम करतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी येथे आकारास आलेल्या मल्टिक्स या प्रणालीत अधिकारांची एकात एक कडी होती आणि आतील कड्यात ठरावीक प्रवेशबिंदूंतूनच जाता येई. १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सने ही रचना बरीच सुटसुटीत केली, मात्र त्याबरोबर रूट नावाचा असा एक वापरकर्ता ठेवला, ज्याला बहुतेक तपासण्या लागूच पडत नाहीत. जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत प्रत्येक प्रवेश तपासावा, परवानगी नसेल तर नकार हेच उत्तर असावे आणि महत्त्वाचे कुलूप दोन वेगळ्या हातांतील किल्ल्यांनीच उघडावे, असा आग्रह होता. यांतील शेवटच्या तत्त्वाला सभासदाची पद्धत युनिक्सपेक्षा अधिक जवळची आहे.

रूटसारखा अधिकार एकाच हाती दिला की काय होते, हे लोहगडानेच दाखविले. नानांनी येथे दरवाजे व टाके बांधून गड बळकट केला, आपला ऐवज गडावर हलविला आणि सारी भिस्त धोंडो बल्लाळ नित्सुरे या विश्वासू माणसावर ठेवली. नानांनी बांधविलेल्या बावेच्या शके १७११ (सन १७८९) मधील शिलालेखात नानांबरोबर त्यांचेही नाव कोरलेले आहे. १८०० मध्ये नाना वारले, तेव्हा गड पेशव्यांच्या राज्यात असूनही पेशव्यांच्या हाती नव्हता. नानांच्या पत्नी जिऊबाई यांनी तेथे आश्रय घेतला, धोंडोपंतांची निष्ठा फडणीसांच्या घराण्याशीच राहिली आणि अखेर जनरल वेलस्ली यांच्या मध्यस्थीने, जिऊबाईंना सालीना १२,००० रुपये ठरवून, हा पेच सुटला. धोंडोपंतांना फितूर म्हणता येणार नाही. ज्याने विश्वास टाकला त्याच्याशी ते प्रामाणिक राहिले. मात्र त्यांच्या तोडीचा दुसरा अधिकारी गडावर नसल्याने राज्याच्या हुकमाला तेथे वाटच उरली नाही.

१८१८ मध्ये लोहगड पडला, त्याचे कारण निराळे होते. १७१५ च्या सुमाराचे आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ बजावते, की दुर्गाजवळ दुसरा डोंगर असू नये. असल्यास तो सुरुंगांनी फोडावा आणि ते शक्य नसल्यास तोही बांधून मजबूत करावा. विसापूर लोहगडाहून उंच आहे. त्यावरही तटबंदी होती, पण ती राखणे आणि लोहगड राखणे ही एकच गोष्ट आहे, हे प्रत्यक्षात विसरले गेले. इंग्रज सेनानी प्रॉथर याने ४ मार्च रोजी विसापूर घेताच लोहगडावरील शिबंदी गड सोडून गेली आणि दुसऱ्या दिवशी चारही दरवाजे धडधाकट असताना गड विनासायास इंग्रजांच्या हाती आला.

जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेला मेल्टडाउन हा दोष याच जातीचा होता. गाभ्याच्या तपासणीचे नियम शाबूत होते, परंतु वेग वाढविण्यासाठी प्रोसेसर परवानगीची तपासणी पुरी होण्याआधीच माहिती वाचून पुढे जाई आणि नकार मिळाल्यावर ते काम टाकून देई. तरी त्याचा माग कॅश या सामायिक जलद स्मृतीत उरे आणि तेथील वेळेच्या सूक्ष्म फरकावरून शेजारच्या प्रक्रियेला गाभ्यातील मजकूर ताडता येई. त्यावरचा तातडीचा उपाय नवा दरवाजा बांधण्याचा नव्हता. गाभ्याच्या स्मृतीचे नकाशे वापरकर्त्याच्या प्रक्रियांपासून वेगळे करण्यात आले, आणि त्यासाठी थोडा वेग गमवावा लागला.

मावळ ताब्यात आल्यावर इंग्रजांनी विसापूरचे दोन्ही दरवाजे व तटाचा बराच भाग पाडून टाकला. लोहगडाचे दरवाजे मात्र त्यांनी पाडले नाहीत, म्हणून ते आजही चढताना एकामागून एक लागतात.